चष्म्याविना कळसूबाई

ज्यांचा चष्मा केवळ वाचनापुरता, त्यांस गिरिभ्रमणाच्या वेड्याची अडचण समजणें कठीण. अहिल्यानगर जिल्ह्यांतील कळसूबाई हें १६४६ मीटर उंचीचें महाराष्ट्रांतील सर्वोच्च शिखर. पावसाळ्यांत तेथील लोखंडी शिडीवर धुकें माझ्या कांचांवर बसलें, म्हणजे पुढील पायरी हातानेंच चांचपावी लागे. लेसरनें बुबुळावरील पारदर्शक पटलाचा आकार बदलला आणि तें परावलंबन संपलें. आरंभीं कांहीं आठवडे धूळ व पोहणें वर्ज्य होतें. कोरडेपणासाठीं थेंब अजूनहि जवळ बाळगतों. मात्र वाचकहो, लेसरनें चष्मा सुटतो, लघुदृष्टीच्या डोळ्याची वाढलेली लांबी तशीच राहते. म्हणून दृष्टिपटलाची तपासणी सोडूं नये. वाचनासाठीं चाळिशीहि यथाकाल लागेलच! तोंवर शिखरावरून बारी गांवचे दिवे उघड्या डोळ्यांनीं मोजण्याचें सुख पुरेसें आहे.