गुलामांचा गुलाम

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं कार्ताहेना. उकाडा आपल्या मे महिन्यातल्या कोकणासारखा, अंगातून नुसत्या धारा. तटाच्या आत शिरलं की पिवळी-निळी घरं, लाकडी सज्जे आणि त्यांवरून लोंबणारी बोगनवेल. सतराव्या शतकात हेच बंदर स्पॅनिश अमेरिकेतली गुलामांची मोठी बाजारपेठ होतं, हे सांगूनही खरं वाटू नये इतकं सगळं देखणं!

संत पेद्रो क्लाव्हेरच्या चर्चमध्ये मुख्य वेदीखाली काचेच्या पेटीत त्याची हाडं ठेवली आहेत. कवटी स्पष्ट दिसते. शेजारच्या मठात झाडांनी भरलेलं अंगण आहे आणि त्याची खोलीही दाखवतात. स्पेनमधल्या कॅटलोनियात जन्मलेला, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातला हा साधू 1610 साली इथं उतरला आणि 1654 मध्ये इथंच वारला. आफ्रिकेतून जहाज आल्याची वर्दी मिळाली की फळं, पाणी, तंबाखू, दारू घेऊन तो थेट तळाच्या कोठारात उतरे. तिथली घाण सोसवत नसे म्हणून इतरांचे पाय मागे फिरत. हा मात्र आजाऱ्यांना स्वतःच्या झग्यात गुंडाळी. तो झगा दिवसातून कितीदा तरी धुवावा लागे. 1622 मध्ये जेझुइटांची अखेरची शपथ घेताना त्यानं सहीबरोबर लिहून दिलं, की मी कायमचा आफ्रिकनांचा गुलाम.

मी भारावलो होतो. पण त्याच्या दुभाष्यांविषयी कळलं आणि गडबडलो. क्लाव्हेर ज्यांच्या तोंडून बोले, ते आफ्रिकन दुभाषे खुद्द जेझुइटांच्या मालकीचे गुलाम होते! त्यानं जखमा धुतल्या, धर्म शिकवला, महारोग्यांच्या इस्पितळात खपला. पण गुलामगिरीच बंद करा, असं काही तो म्हणाला नाही.

म्हणणारा, नव्हे करून दाखवणारा, दुसराच होता. बेन्कोस बिओहो हा गुलाम कार्ताहेनातून निसटला आणि पळालेल्यांना घेऊन जंगलात लढला. त्याला 1621 साली याच शहरात फाशी दिलं, म्हणजे क्लाव्हेरच्या त्या सहीच्या आदल्याच वर्षी. सान बासिलियो दे पालेंके हे गाव बिओहोला आपला मूळपुरुष मानतं. गावाची स्वतःची भाषा आहे, चौकात त्याचा पुतळा आहे. डोक्यावर फळांच्या पाट्या घेऊन कार्ताहेनात हिंडणाऱ्या, रंगीत झग्यांतल्या बायका तिथल्याच.

मग मोठा कोण? वेठ सुसह्य करणारा, की वेठच झुगारणारा? तराजू हातात घेतला तर माझं पारडं बिओहोकडे झुकतं. तरी क्लाव्हेरच्या बाजूची एक गोष्ट मला सोडवत नाही. त्याच्या मृत्यूनंतर संतपदासाठी चौकशी बसली, तेव्हा साक्षीदारांत ते दुभाषेही होते. अँगोलाहून आणलेल्या आंद्रेस साकाबुचेची जबानी कागदावर उतरली. कोठारातला अंधार, दुर्गंधी, मेलेल्यांशेजारी पडलेले जिवंत जीव, हे आज आपण वाचतो त्यात या साक्षींचा वाटा मोठा आहे. पुढे 1888 साली पोप तेरावे लिओ यांनी क्लाव्हेरला संत घोषित केलं. ज्यांना बाजारात दात तपासून विकलं, त्यांचा शब्द त्या चौकशीत पुरावा म्हणून धरला गेला. कार्ताहेनात चमत्कार शोधायचाच असेल, तर तो या कागदांत शोधावा.