रुमालातली पोथी

इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला युरोपच्या प्रबोधनकाळाविषयी ऐकताना तो काळ फार दूरचा वाटे. इटली कुठे आणि आपला बीड जिल्हा कुठे! उन्हाळ्याच्या सुटीत मामांकडे मुंबईला गेलो असता एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय पाहण्याचा योग आला आणि हा समज ढळला.

सोसायटी 1804 सालची, टाउन हॉल 1833 सालचा. दान्तेच्या ‘डिव्हाईन कॉमेडी’ची चौदाव्या शतकातील हस्तलिखित प्रत इथे आहे. ती काही आमच्यासारख्यांच्या हाती पडत नाही. पण ती याच भिंतींआड जपलेली आहे, एवढ्या जाणिवेनेही पावले हळू पडू लागली. मामा म्हणाले, “अरे, प्रबोधन म्हणजे काही आकाशातून पडलं नाही. जुन्या पोथ्या शोधणाऱ्यांनी त्याची सुरुवात केली.” खरेच आहे. 1417 साली पोज्जोला ल्युक्रेशियसचे विसरले गेलेले काव्य सापडले, ते एका मठात.

मठ म्हटल्यावर मला आपले पाटांगण आठवले. इतिहासाचार्य राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली ती बीडच्या पाटांगणात. 1909 साली त्यांनी ती छापली म्हणून आज आपण ती वाचू शकतो. मूळ पोथी मात्र आज उपलब्ध नाही. आणि अंबाजोगाईचे दासोपंत? 1551 ते 1615 हा त्यांचा काळ, म्हणजे शेक्सपिअरच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीपर्यंतचा. कागद पुरला नाही की काय, म्हणून त्यांनी सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. ती पासोडी कापडाची असूनही टिकली. उलट फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात, राचोलला छापले गेले, पुन्हा दोनदा छापले गेले. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. छापले म्हणजे टिकले असे नाही. कुणीतरी जपावे लागते.

हे सगळे मनात घोळत असतानाच गावी परतलो, तो घरात वेगळीच तयारी. वाड्याची मागली भिंत उतरवायची होती आणि माळ्यावरचा लाल रुमाल खाली आला होता. आत पणजोबांची पोथी. पहिली पाने गेलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. आबा म्हणाले, “वाचणारं कुणी उरलं नाही. अमावास्येला राक्षसभुवनला जाऊन गोदामाईत सोडू. पायदळी येण्यापेक्षा बरं.”

आबांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. पोथीचा मान राखण्याची ती आपल्याकडची जुनी रीतच आहे. मी एवढेच म्हणालो, “आबा, अमावास्येपर्यंत मी वाचून बघतो.”

शब्द न तोडता लिहिलेले ते बाळबोध अक्षर पहिल्या दिवशी चार ओळींपलीकडे लागेना. तिसऱ्या दिवशी पान सरले. आजी भाकरी थापता थापता ऐकू लागली आणि मी अडलो तिथे चाल लावून तिने पुढचा चरण म्हटला! सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेले तिच्या कानात साठ वर्षे तसेच होते. आबा उंबऱ्यातच उभे राहिले. अमावास्या आली नि गेली. राक्षसभुवनचे नाव कुणी काढले नाही.

आता आजी म्हणते आणि मी वहीत उतरवून घेतो. आजीचे वय पंच्याऐंशी आहे, तेव्हा घाई मलाच केली पाहिजे. वाचक मित्रहो, या दिवाळीत घरी गेलात की एकदा माळ्यावर चढा. रुमाल सापडला तर तो सोडण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून सोडा.