चौकटींतील वाटा

चांदनीच्या ओसरीवर नातवाने कागदावर चार चौकटी पूर्वेस, तीन उत्तरेस आखून विचारले, "आबा, पूर्वेस वा उत्तरेसच जात पलीकडच्या कोपऱ्यातील देवळापर्यंत वाटा किती?" उभी हयात सरकारी हिशेब तपासण्यात गेली, तरी आम्ही ३१च मोजल्या. चार निसटल्या! वास्तविक चार ‘पू’ आणि तीन ‘उ’ यांच्या मांडण्याच मोजावयाच्या : ५०४० भागिले १४४, म्हणजे ३५. पुनरुक्त अंकांच्या मांडणीचा हा नियम भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’च्या अंकपाशात सांगितलेला आहे.

मग आम्ही मधला एक कोपरा खोडला. दोन पूर्वेस, एक उत्तरेस. तेथून तीन गुणिले सहा, १८ वाटा जात होत्या.

"हाच का?" नातू म्हणाला.

गतवर्षी वारलेल्या आमच्या मित्राचे घर असेच वाटेत पडते. सायंकाळी आम्ही तिकडून जात नाही. वाटा १७ उरल्या.