मिरजेत दवाखाना शोधताना

मिरजेत हाडांचा दवाखाना शोधावा लागत नाही, नुसतं मान वर करून चालावं लागतं. पाट्या मराठीत, कन्नडमध्ये, काही दोन्हींत. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांनी इथंच बस्तान बसवलं. बेळगाव-विजापूरकडचे पेशंट आजही जेवणाचा डबा आणि सतरंजी घेऊन मिरज जंक्शनला उतरतात. आम्ही तर जवळचे, तासगाव तालुक्यातले. तरीही आमच्या आत्यांसाठी दवाखाना ठरवताना आमची जी दमछाक झाली, ती सांगण्यासारखी आहे.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात साखर, आणि दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. पहाटे न्हाणीत पाय घसरला आणि त्या उजव्या कुशीवर पडल्या. "पाय माझा ऱ्हायलाच न्हाई गं," एवढंच म्हणत होत्या. उचलून कॉटवर ठेवलं तेव्हा दिसलं, उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड झालेला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं. ही खूण म्हातारपणी खुबा मोडल्याची असते, हे मला दुपारी कळलं. सकाळी फक्त भीती वाटली.

गाव गोळा झालं. पहिला सल्ला हाडवैद्याचा. आमच्या भागात एक नामी हाडवैद्य आहेत, लेप लावून बांबूच्या कामट्या बांधतात, आणि माझ्या पुतण्याचं मनगट त्यांच्या हाताखाली बरं झालेलं मी पाहिलेलं आहे. त्यामुळं मी त्यांची टिंगल करणार नाही. पण मनगटाला बाहेरून कामटी बांधता येते. खुबा मांसाच्या एवढा आत असतो की तिथं कामटी धरणार कशाला? शेजारचे अण्णा मात्र हट्टाला पेटले होते, "कापाकापी कशाला म्हातारीची?" आमच्या यांनी ऐकून घेतलं आणि १०८ ला फोन लावला.

तालुक्याच्या गावी एक हाडांचे डॉक्टर आहेत, आधी त्यांच्याकडं नेलं. वीस कॉटचा दवाखाना, खाली मेडिकल, वर घर. त्यांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला समजावलं. मांडीचं हाड वर जिथं बारीक होतं ती त्याची मान. मानेच्या टोकाला गोळा, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. गोळ्याला रक्त पोचतं ते मुख्यतः या मानेच्या कडेनं. मान मोडून सरकली की रक्ताची वाटच तुटते, मग हाड जागेवर आणून स्क्रूनं धरलं तरी गोळा आतून मरण्याची भीती राहते. "दोन बोटं खाली मोडलं असतं तर रॉड टाकून भागलं असतं. यांना या वयात गोळाच बदलायला लागंल."

"मग तुम्हीच करा," हे म्हणाले.

"ऑपरेशन मला येतं. भूलवाले डॉक्टर सांगलीहून येतात. पण रात्री दोन वाजता यांच्या छातीत दुखायला लागलं, तर इथं एक सिस्टर असती आणि मी वर झोपलेला असतो. हृदयाचा डॉक्टर न्हाई, आयसीयू न्हाई. मी घेत न्हाई ही केस."

आलेला पेशंट असा हातचा सोडणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी वेदनेचं इंजेक्शन दिलं, दोन पायांमध्ये उशी ठेवून बांधली, आणि निघताना एक गोष्ट बजावली, की कुठंही न्या, पण आठवडाभर झोपवून ठेवू नका. अशा पेशंटला मोडलेलं हाड मारत नाही. पडून राहिल्यामुळं छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी धरतात, या गोष्टी मारतात.

मग फोन सुरू झाले. पुण्याच्या भावजींचं एकच, "संचेतीला आणा." त्यांचंही बरोबर होतं. डॉ. के. एच. संचेतींनी १९६५ साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल आमच्याकडं घराघरात माहीत आहे, गावातले दोघेतिघे तिथून गुडघे बदलून आलेत. पण गुडघा बदलणं हे ठरवून करायचं काम. महिनाभर विचार करा, दोन ठिकाणी दाखवा, दर विचारा. गुडघ्यात बसवायच्या सांध्याच्या किमतीवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हापासून तिथं घासाघीस करायला निदान एक आधार आहे. मोडलेल्या खुब्याला तेवढी सवड नसते. कळवळणारं माणूस खंबाटकी घाटातून सव्वादोनशे किलोमीटर न्यायचं, आणि जे ऑपरेशन मिरजेत रोज होतं तेच तिथं करायचं, हे मला पटेना. भावजी म्हणाले, "वहिनी, पैशाकडं बघू नका." मी पैशाकडं बघत नव्हते, घड्याळाकडं बघत होते.

माझं स्वतःचं मत मिरजेच्या सरकारी रुग्णालयाकडं झुकत होतं. नाक मुरडू नका. मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात हाडांचा, हृदयाचा, भुलीचा विभाग एकाच आवारात असतो, आणि रात्री शिकाऊ डॉक्टर जागे असतात. पण घरात एकमत होईना. "आईला सरकारीत टाकलं" असं भावकीत कुणी म्हणेल, ही भीती प्लास्टरपेक्षा घट्ट असते.

म्हणून आधी सांगलीतल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात गेलो. तालुक्याहून केलेल्या खाजगी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरनंच तो सुचवला, आणि वाटेत दोनदा सुचवला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. काचेचा दरवाजा, गार हवा, काउंटरवर तीन मुली. पहिला प्रश्न आत्यांबद्दल नव्हता, "इन्शुरन्स आहे का कॅश?" असा होता. दुसरा प्रश्न डिपॉझिटचा. फिल्म अजून आमच्याच हातात होती.

बाहेर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा बोर्ड होता म्हणून मी रेशनकार्ड पुढं केलं. "योजनेत आहोत, पण हाडांसाठी नाही," असं उत्तर आलं. हे मला नवं होतं. दवाखाना योजनेत असतो तो विभागवार. हृदयाला असेल, हाडांना नसेल. दारावरचा बोर्ड पाहून आत शिरू नये, १५५३८८ ला फोन करून नेमक्या आजाराचं नाव सांगून विचारावं. आणखी एक गोष्ट. २०२१ पासून महाराष्ट्रातल्या खाजगी दवाखान्यांनी मुख्य सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. इथं ती होती, गणपतीच्या मोठ्या मूर्तीमागं. मी मूर्तीला नमस्कार करायच्या निमित्तानं वाचून घेतली. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क त्यात लिहिलेला होता.

तासाभरानं एक तरुण डॉक्टर आले. सर परवा येणार. त्यातून आत्या रक्त पातळ करायची गोळी घेतात, क्लोपिडोग्रेल, म्हणून ती बंद करून आठवडा थांबायचं, मग ऑपरेशन. तोवर पायाला वजन बांधून ठेवू. "बॉल इंपोर्टेड टाकायचा की इंडियन, तेवढं ठरवून ठेवा," असंही म्हणाले. मी कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या पेट्यांचा हिशेब लिहिते. माल बघायच्या आधी पॅकिंग विचारणारा व्यापारी मी लगेच ओळखते. यांना म्हटलं, चला.

मिरजेतला दवाखाना आमच्या स्टोरेजच्या मालकांनी सांगितला. इमारत जुनी, लिफ्टचं दार हातानं ओढायचं, ओपीडीत कन्नड आणि मराठीचा कालवा. हाडांचे डॉक्टर साठीच्या घरातले. त्यांनी आत्यांना विचारलं, "आजी, पडायच्या आधी चक्कर आली का पाय घसरला?" सकाळपासून इतक्या जणांनी पाहिलं होतं, हा प्रश्न पहिल्यांदाच आला. चक्कर येऊन पडलं असेल तर आधी हृदय तपासायचं. घसरून पडलं असेल तर गोष्ट वेगळी.

गोळीचं मी विचारलं. त्यांनी स्वतः उत्तर दिलं नाही, भूलतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "या गोळीवर मी पाठीत सुई घालणार नाही, रक्तस्रावाची भीती असते. पूर्ण भूल देऊ. थोडं रक्त जास्त जाईल, त्याची दोन बाटल्यांची तयारी ठेवू. पण गोळीसाठी आजींना आठवडाभर झोपवून ठेवणं यापेक्षा धोक्याचं." रात्रीच टू-डी इको झाला, हृदयाचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरच बसत होते. सकाळी फिटनेस मिळाला, संध्याकाळी ऑपरेशन. माझी भाची फिजिओथेरपी शिकते. तिनं नंतर सांगितलं की ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांतही खुब्याचं ऑपरेशन दाखल झालेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा असंच आहे.

सगळं छान झालं असं नाही. जेवण वाईट होतं. संडास एक मजला खाली. ऑपरेशननंतरच्या रात्री आत्यांना भ्रम झाला, त्या मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारू लागल्या, सलाईन उपसायला लागल्या. मी घाबरून ओरडले. जागेवरच्या डॉक्टरांनी येऊन साखर तपासली, ऑक्सिजन बघितला, चष्मा आणि कवळी परत लावायला सांगितली, दिवा चालू ठेवला. "म्हाताऱ्या माणसांना होतं असं, माणूस ओळखीचं बसू द्या जवळ." दोन दिवसांत भ्रम गेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी रात्री दोनचं का सांगितलं होतं ते मला त्या रात्री पुरतं समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीची मुलगी वॉकर घेऊन आली. आत्यांनी तिला शिव्या घातल्या. मुलगी कर्नाटकातली, तिला आमच्या शिव्या कळल्या नसाव्यात किंवा सवय असावी. तिनं त्यांना उभं केलंच. चार पावलं. बाजूच्या कॉटवरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या तर आत्या त्यांच्यावरही चिडल्या.

बिल आम्ही रोख भरलं, नुकताच बेदाणा विकलेला होता म्हणून निभावलं. बिलासोबत बसवलेल्या बॉलचं स्टिकर केसपेपरला चिकटवलेलं होतं, कंपनी, साईज, लॉट नंबर. त्याचा मी फोटो काढून ठेवलाय. उद्या काही बिघडलं तर दुसऱ्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच लागणार. भारतीय बनावटीचा होता, चांगला चाललाय.

पण त्या डॉक्टरांना मी खरे मार्क देते ते घरी सोडायच्या दिवसासाठी. ऑपरेशन झालं, पैसे मिळाले, विषय संपायला हरकत नव्हती. ते म्हणाले, "उभ्या माणसाचा नुसतं खाली पडून खुबा मोडतो, म्हणजे हाड आधीच ठिसूळ. एक गोळा बदलला, दुसरा अजून तुमचाच आहे." त्यांनी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्यायला लावला, डी जीवनसत्त्व तपासलं, ते तळाला गेलेलं निघालं. आता वर्षातून एकदा हाड घट्ट करायचं इंजेक्शन असतं, रोज कॅल्शियम. घरी कमोडची खुर्ची आली, मांडी घालून बसणं बंद, न्हाणीत हाताला धरायला पाइप आणि खाली खरबरीत फरशी. त्या पाइपासाठी गवंड्यानं अर्धा दिवस घेतला. आमच्या गल्लीतल्या कुठल्याच न्हाणीत असा पाइप अजून नाही, आणि म्हातारी माणसं घरोघरी आहेत.

आत्या आता काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात, आणि अण्णा त्यांना अजूनही हाडवैद्याचा लेप सुचवतात.

गावात कुणी पडलं की लोक मला दवाखान्याचं नाव विचारतात. मी नाव सांगत नाही. डॉक्टर बदलतात, दवाखाने हात बदलतात, आणि आत्यांना मानवलेलं दुसऱ्याला मानवेलच असं नाही. एवढंच सांगते, काउंटरवर पैशाआधी दोन गोष्टी विचारा. ऑपरेशन कधी करणार, आणि रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर पेशंटपाशी कोण येईल. दुसऱ्या प्रश्नाला माणसाचं नाव आणि मजला सांगितला तर डिपॉझिट भरा. "आमच्याकडं सगळ्या सोयी आहेत," असं उत्तर आलं तर फिल्म उचला आणि पुढच्या पाटीकडं चला.