आजीची ओवाळणी आणि चारमिनारची गल्ली

गेल्या रविवारी आजीची एक रुपयाची नोट घेऊन चारमिनारला गेलो. मेट्रोने एमजीबीएस, पुढे रिक्षा. तिकडे जाणं आता ईदच्या आधी पाहुणे आले तरच होतं.

नोट हैदराबाद संस्थानची, ‘हाली’. नांदेडला आजीच्या भावाने भाऊबीजेला ओवाळणीत घातलेली. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. निजामाच्या संस्थानाने 1918 पासून स्वतःच्या नोटा काढल्या. इंग्रजांचा रुपया तो ‘कलदार’, आपला ‘हाली’. सात हाली म्हणजे सहा कलदार. मराठवाड्यातली जुनी माणसं अजून हा हिशेब तोंडी करतात. 1959 मध्ये हाली चलनातून कायमचं गेलं. उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडमध्येही त्यावर किंमत छापलेली असायची, म्हणजे आपली लिपीही निजामाच्या पैशावर होती!

जुन्या नाण्यांच्या दुकानातले चाचा ऐंशीच्या घरातले. त्यांनी नोट उजेडात धरली आणि आधी किंमत नाही, सही पाहिली. एकाच रुपयाच्या नोटेला सहीप्रमाणे भाव बदलतो, हे मला नवीन होतं. आमच्या नोटेवर गुलाम महंमद यांची सही निघाली. संस्थानाचे अर्थमंत्री, पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल. मी मनात आकडे मांडायला लागलो.

चाचांनी नोट उलटली. मधल्या घडीवर पिवळी पडलेली सेलोटेप.

“ये टेप कौन चिपकाए भई?”

मीच. तिसरीत होतो. आजीची नोट फाटायला आली म्हणून मोठ्या कौतुकाने चिकटवली होती. चाचा म्हणाले, घडी चालते, डागही चालतो, पण टेपचा डिंक कागदात मुरतो. काढू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मग त्यांनी सांगितलेल्या भावात आमच्या घरच्यांची बिर्याणी झाली असती, तीही डबल का मीठा न घेता.

आजीला ही नोट विकून पैसे मला आणि ताईला वाटून द्यायचे होते. संध्याकाळी काचीगुड्याला गेलो, भाव सांगितला. टेपचंही सांगितलं.

“अरे, मीच तुला म्हटलं होतं चिकटव,” आजी म्हणाली. तिने नोट पुन्हा हळदी-कुंकवाच्या डबीखाली ठेवली आणि ताईला फोन लावायला सांगितला.