मागे बसलेला कॅडेट

उन्हाळ्याच्या सुट्टीत झाशीला घरी पोचलो तेव्हा मामाने पाठवलेलं एक जाड पुस्तक टेबलावर माझी वाट बघत होतं. मामा नेदरलँड्समध्ये नोकरी करतो. ॲमस्टरडॅमच्या न्यूवे केर्क नावाच्या जुन्या चर्चमध्ये 'वर्ल्ड प्रेस फोटो'चं प्रदर्शन लागतं. ते पाहून त्याने २०२५ चं पुस्तक घेतलं होतं. आत चिठ्ठी होती : "हाउसचे फोटो तू काढतोस असं ताई म्हणाली. हे बघ, पण घाईत बघू नकोस."

प्रेम नगरात मे महिन्यात घाई करायचं कारणच नसतं. दुपारी लू वाहते, दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर. आजोबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी इंग्रजी मजकूर वाचून मराठीत सांगायचा आणि त्यांनी चित्र डोळ्यांजवळ धरायचं, असं ठरलं.

ही स्पर्धा १९५५ साली नेदरलँड्समधल्या वृत्तछायाचित्रकारांनी सुरू केली. आता जगभरातून फोटो येतात आणि निवडलेल्या फोटोंचं प्रदर्शन वर्षभर देशोदेशी फिरतं. २०२५ चा पहिला फोटो समर अबू एलूफ या छायाचित्रकार बाईंनी काढलेला आहे. गाझा शहरातल्या हल्ल्यात दोन्ही हात गमावलेला नऊ वर्षांचा महमूद. खिडकीतून मऊ उजेड येतोय, बनियन घातलेला, चेहरा एका बाजूला वळवलेला. रक्त नाही, धूर नाही. आजोबांनी पान बराच वेळ उलटू दिलं नाही. मग विचारलं, "आपल्या भोपाळचा तो फोटो यातलाच ना रे?"

भोपाळ झाशीहून एकाच लोहमार्गावर, तीनशे किलोमीटरच्या आत. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तेव्हा आजोबा कारखान्यात कामाला होते. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकाची बहीण भोपाळला दिलेली होती. तीन दिवस तिची खबर नव्हती. तो माणूस रोज सुट्टी झाली की स्टेशनवर जाऊन भोपाळकडून येणाऱ्या गाड्यांचे डबे बघत फिरायचा. चौथ्या दिवशी तार आली, बहीण वाचली होती. आजोबा हे सांगतात तेव्हा अजूनही "तार आली" म्हणताना थांबतात.

तो फोटो पाब्लो बार्थोलोम्यू यांचा. १९८४ चा वर्षातला सर्वोत्तम फोटो म्हणून त्याची निवड झाली. पुरलं जात असलेलं एक लहान मूल, मातीतून फक्त चेहरा वर, डोळे उघडे. त्याच मुलाचा रघू राय यांनी काढलेला कृष्णधवल फोटोही प्रसिद्ध आहे. ते मूल कोणाचं हे आजपर्यंत कळलेलं नाही.

मी फोनवर तो शोधून दाखवला. आजीने एकदा पाहिला आणि म्हणाली, "बंद कर. कुणाच्या लेकराचं असं दाखवतात का?" आजोबा म्हणाले, "दाखवलं नसतं, तर दिल्लीतल्या साहेबाला काय कळलं असतं?" दोघांचं संध्याकाळच्या चहापर्यंत चालू होतं. मला आजीचंही पटत होतं. मग मी त्यांना दुसरा फोटो दाखवला. त्सुनामीनंतर, २८ डिसेंबर २००४ ला, आर्को दत्ता यांनी तमिळनाडूत कडलूरला काढलेला. तोही त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला. वाळूवर पालथी पडून रडणारी बाई, आणि कडेला मेलेल्या माणसाचा फक्त हात. आजी म्हणाली, "हे बरं. त्याचं तोंड नाही दाखवलं."

इथपर्यंत मी आरामात होतो. दत्ता यांनी चेहरा चौकटीबाहेर ठेवला, म्हणजे सगळंच दाखवायला हवं असं नाही, असा सोयीचा अर्थ मी काढला होता. सोयीचा का, ते सांगतो.

रात्री या स्पर्धेबद्दल आणखी वाचत होतो. २०१० मध्ये स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराला क्रीडा विभागात तिसरं बक्षीस मिळालं आणि ते काढूनही घेतलं गेलं. त्याने मूळ फोटोच्या कडा भरपूर कापल्या होत्या, रंग काढून तो कृष्णधवल केला होता. त्यावर बक्षीस गेलं नाही. मागे उभ्या असलेल्या एका माणसाच्या पायाचा जरासा भाग दिसत होता, तो त्याने पुसला होता. परीक्षकांनी कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवली तेव्हा पाय सापडला. २०१५ मध्ये तर शेवटच्या आधीच्या फेरीतले सुमारे २० टक्के फोटो अशाच फेरफारांमुळे बाद झाले. एवढासा पाय! फोटोचा अर्थही त्याने बदलत नव्हता. माझ्या फोटोतला तर अख्खा मुलगा होता.

जानेवारीतल्या क्रॉस-कंट्रीचा माझा फोटो तुम्ही नोटीस बोर्डवर पाहिला असेल. आमच्या हाउसचा कॅडेट फीत तोडतोय, छाती पुढे, मागे मोकळं मैदान. सरांनी शाबासकी दिली होती. ते मैदान मोकळं नव्हतं. ज्युनिअर गटाची शर्यत आधी झाली होती आणि त्यातला सगळ्यात शेवटी आलेला कॅडेट एक बूट काढून, गुडघ्यांत डोकं घालून मागे बसला होता. मी फोनवर त्याच्यावरून बोट फिरवलं. दोन सेकंदांत तिथे गवत आलं. नंतर त्याने बोर्डासमोर मला विचारलं होतं, "भैया, मी तिथेच बसलो होतो ना?" मी म्हणालो, "फ्रेममध्ये आला नाहीस."

मी दोन पावलं डावीकडे सरकून फोटो काढला असता, तर तो चौकटीत आलाच नसता आणि माझं उत्तर खरं ठरलं असतं. पण मी सरकलो नव्हतो.

सुट्टी संपवून आल्यावर सरांना सांगितलं. मला वाटलं होतं निदान दहा मिनिटं ऐकावं लागेल. त्यांनी विचारलं, "मूळ फाइल आहे? मग ती लाव. आणि त्याला तू स्वतः सांग."

सांगणं अवघड गेलं. तो सातवीतला, मी अकरावीतला, आणि तो मला सॅल्यूट करूनच उभा राहिला. मी सांगितलं तेव्हा तो फक्त "यस भैया" म्हणाला. नवी प्रिंट लावताना मी खाली विजेत्याचं नाव लिहिलं आणि पुढे त्याचंही. त्याने जवळ जाऊन फोटो पाहिला.

"लेस सुटलेली नाही ती," तो म्हणाला. "पेटका आला होता म्हणून मीच सोडली होती. पण शर्यत पूर्ण केल्यावर."

मग त्याने पेन मागितलं आणि आपल्या नावाचं चुकलेलं ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं.