मालेच्या पुढचा रस्ता

पौड मागे पडलं की प्लॉटच्या जाहिराती विरळ होतात, डोंगर जवळ सरकतात आणि माले गाव लागतं. पुण्यापासून चाळीसेक किलोमीटर. इथून पुढे मुळशीचा जलाशय दिसू लागतो, रस्ता पाण्याची सोबत करत तामिणीत शिरतो, विंझाईच्या देवळावरून पुढे जातो आणि वळणं घेत कोकणात विळ्याला उतरतो. पावसाळ्यातल्या रविवारी या रस्त्यावर मोटरसायकलींची रांग तुटत नाही. चालवणारे बहुतेक जण कुठल्या सहल कंपनीबरोबर आलेले नसतात. पुढे वाटाड्या नाही, मागे मदतीची गाडी नाही, कुठे थांबायचं हे ठरवून देणारं कुणी नाही. आपणच आपले वाटाडे होऊन दोन चाकांवर निघायची ही ओढ मला मनापासून आवडते. तिचं सगळ्यात भव्य रूप आज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे पाहायला मिळतं. नामिबियातले खडीचे रस्ते, बोत्स्वानातली मिठाची मैदानं, कालाहारीची तांबडी वाळू आणि वाटेत आडवे येणारे हत्ती, यांच्या मोहाने जगभरचे मोटरसायकलस्वार तिकडे जातात. तो प्रवास अवघड आहे यात वाद नाही. तरी माझं म्हणणं असं आहे की एकट्याने, वाटाड्याविना फिरणाऱ्याची खरी परीक्षा नामिबच्या वाळवंटात होत नाही. ती मालेच्या पुढे होते.

आधी वाळवंटाकडे पाहू. नामिबियाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त, आणि २०२३च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली तीस लाखांच्या आसपास. एकट्या पुणे शहरात २०११ सालीच याहून जास्त माणसं होती. वॉल्विस बेहून सॉलिटेअरला जाणारा सी-१४ हा रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. मध्ये गाव नाही, पेट्रोलपंप नाही. खडीवर वाहनांच्या वर्दळीने आडव्या लाटा उठलेल्या असतात, हँडल हातात थरथरत राहतं, आणि एखाद्या वळणावर खडी अचानक संपून वाळू लागते. तिथे वेग चुकला तर पुढचं वाहन यायला तासही लागू शकतो. म्हणून तिथे निघणारा माणूस निघण्याआधीच हिशेब करतो. टाकीत पेट्रोल किती, पाणी किती, टायरमधली हवा किती कमी करायची, मुक्काम किती वाजता गाठायचा. संध्याकाळी कुडू नावाचं मोठ्या शिंगांचं जनावर रस्त्यात उडी घेतं, म्हणून अंधारात गाडी चालवू नये असं तिथला प्रत्येक जण सांगतो. भाड्याच्या गाड्यांच्या अनेक करारांत रात्रीच्या प्रवासाला मनाईच असते. या सगळ्यात प्रवाशाच्या सद्गुणाचा भाग थोडा आहे. वाळवंट स्वतः नियम घालतं आणि भीतीच्या जोरावर ते पाळायला लावतं. तिथे जो जबाबदार वागतो त्याला दुसरा पर्याय फारसा नसतो.

मालेच्या पुढे मात्र भीतीचा हा पहारा नाही. पेट्रोल पौडला मिळतं, चहा दर थोड्या अंतरावर मिळतो, गाडी बंद पडली तर मागून येणारा थांबतो. पाणी तर इतकं, की जुलै २०२४मध्ये तामिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. नामिबच्या किनाऱ्यावर वीस वर्षांत मिळूनही बहुधा तेवढा पडत नाही. वाळवंटातला माणूस कमतरतेने सावध होतो. इथे सगळं मुबलक असतं आणि त्या मुबलकपणाने माणूस सैल होतो. हातातली रिकामी बाटली कुठे टाकायची, सायलेन्सरचा आवाज किती मोठा करायचा, अंधार पडल्यावर घाट उतरायचा की नाही, हे इथे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. चुकीच्या निर्णयाची किंमत निर्णय घेणाऱ्याला लगेच मोजावी लागत नाही. ती दुसराच कुणी मोजतो, आणि बहुतेक वेळा त्याला बोलता येत नसतं.

नामिबच्या सपाट खडीमैदानांवर दगडफुलांची, म्हणजे लायकेनची, पातळ साय पसरलेली असते. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर ती जगते. तिच्यावरून एकदा चाक गेलं तर तो माग कित्येक दशकं पुसला जात नाही. त्याच किनारपट्टीवर डमारा टर्न नावाचा इवलासा सुरय पक्षी उघड्या जमिनीवर एखादं अंडं घालतो. रस्ता सोडून हिंडणाऱ्या वाहनांनी त्याच्या घरट्यांचं इतकं नुकसान केलं की काही ठिकाणी वाहनांना कुंपणं घालून अडवावं लागलं. आपल्याकडे पाऊस सगळे माग धुऊन टाकतो, म्हणून इथे असं काही होत नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण सह्याद्रीच्या माथ्यावरचे सडे पाहा. उन्हाळ्यात काळा कातळ आणि वाळलेलं गवत यांपलीकडे तिथे काही दिसत नाही. गाडी वर चढवायला ही जागा किती छान, असंच कुणालाही वाटेल. त्याच कातळाच्या खळग्यांत बोटभर माती असते, आणि भाद्रपदात तिच्यातून सीतेची आसवं, गेंद, तेरडा उमलतात. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं ते याच बोटभर मातीच्या बळावर. दगड उलटला तर खाली देवगांडूळ असतं. टिटवी अंडी घालते तीही अशाच उघड्यावर. सड्यावर फिरलेलं चाक जे मोडतं ते मोडताना दिसत नाही. आणि रस्त्यावरच राहणारा स्वारही निर्धास्त नाही. पहिल्या पावसात चिंबोऱ्या आणि बेडूक ओढ्यातून निघून रस्ता ओलांडतात. झाडावरचा हिरवा चापडा रात्री डांबरावर उतरतो. सकाळी त्यांतले कितीतरी तिथेच चपटे झालेले सापडतात. नामिबमधला कुडू मोटरसायकलस्वाराला मारू शकतो, म्हणून सगळे त्याला जपतात. चिंबोरी कुणालाच मारू शकत नाही. तिला जपायचं असेल तर भीतीखेरीज दुसरं काहीतरी माणसापाशी असावं लागतं.

या प्रवासांच्या वर्णनांत एक गोष्ट मला नेहमी खटकते. वाळवंटाला आणि रानाला सरसकट निर्जन म्हटलं जातं. मध्य कालाहारीचं राखीव क्षेत्र १९६१ साली आखलं गेलं. सुमारे बावन्न हजार आठशे चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. तिथे सान लोक हजारो वर्षं राहत होते. १९९७ आणि २००२मध्ये सरकारने त्यांना तिथून हलवलं. त्यांनी दावा लावला आणि डिसेंबर २००६मध्ये बोत्स्वानाच्या उच्च न्यायालयाने त्यांचा परतण्याचा हक्क मान्य केला. प्रवाशाला जी विशाल शांतता भुरळ घालते तिच्यातला काही भाग असा माणसं उठवून तयार झालेला आहे. मुळशीच्या जलाशयाची शोभाही तशीच आहे. मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचं धरण बांधायचं ठरलं तेव्हा मुळशी पेट्यातल्या बावन्न गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. १९२१च्या रामनवमीला मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून सेनापती बापट झाले, विनायकराव भुस्कुट्यांसारखे कार्यकर्ते तुरुंगात गेले, आणि तीन वर्षांनी लढा हरला. धरण झालं. पूर्वेला भीमेत आणि पुढे कृष्णेत जायचं पाणी पश्चिमेला वळवून कड्याखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं गेलं, आणि आता ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. मालेच्या पुढे मोटरसायकल थांबवून ज्या निळ्या पाण्याचा फोटो काढला जातो, त्याच्या तळाशी भाताची खाचरं आहेत. वाटाडा बरोबर असता तर त्याने हे सांगितलं असतं. वाटाडा नको म्हणणाऱ्याने ते स्वतःहून जाणून घ्यावं, कारण वाटाड्याला रजा दिली तरी त्याचं काम कुणाला तरी करावंच लागतं.

यावर पहिला आक्षेप मोटरसायकलवरच येतो, आणि तो खरा आहे. धूर सोडणारं, गर्जणारं यंत्र घेऊन रानाच्या प्रेमाची भाषा कशी करायची? नामिबियातल्या इटोशा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर या उद्यानांत मोटरसायकलला प्रवेशच नाही. हे नियम पूर्णपणे योग्य आहेत. सिंहासमोर काचेचा आडोसा नसलेला माणूस स्वतःलाही धोका आणि जनावरालाही. पण त्याच नामिबियात ब्वाब्वाटा राष्ट्रीय उद्यानातून बी-८ हा महामार्ग दोनशे किलोमीटरच्या आसपास जातो, त्यावर मोटरसायकली चालतात, हत्ती रस्ता ओलांडतात, आणि काही हजार माणसं उद्यानाच्या हद्दीतच राहतात. तिथे हा तिढा सोडवला आहे तो कुठे जायचं, कधी जायचं आणि किती वेगाने जायचं या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी. काच नसण्याचा एक फायदाही असतो. कारमधल्या माणसाला घाटातला पाऊस दिसतो, मोटरसायकलवरच्याला तो लागतो. कारवीच्या फुलोऱ्याचा वास, ओल्या डांबरावर सरकणारं चाक, शीळ घालणारा कस्तूर, हे त्याच्यापर्यंत थेट पोहोचतं. इतकं उघड्यावर असलेल्या माणसाने सगळ्यात आधी सावध व्हायला हवं. त्याने कर्कश सायलेन्सर बसवून घेतला तर कस्तुराची शीळ आधी त्याचीच हरवते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तामिणी अभयारण्य २०१३ साली घोषित झालं, जेमतेम पन्नास चौरस किलोमीटरचं. त्याच्या अंगावरून जाणारा रस्ता मात्र सार्वजनिक आहे, कोकणाला पुण्याशी जोडणारा आहे, आणि त्याच्या कडेच्या टपऱ्यांवर, हॉटेलांवर, घरगुती मुक्कामांवर कितीतरी कुटुंबांची चूल पेटते. पर्यटकांवर बंधनं आणा म्हणणं म्हणजे या लोकांच्या पोटावर पाय देणं नव्हे का? धरणाने जमिनी गेल्या, मग फार्महाउसच्या प्लॉटांमध्ये डोंगर गेले, आता उरलेलाही रोजगार काढून घ्यायचा? हा प्रश्न टाळून मुळशीबद्दल काही बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. उत्तरासाठी पुन्हा नामिबियाकडेच पाहावं लागतं. तिथे १९९६च्या कायद्याने सामूहिक जमिनीवर राहणाऱ्या लोकांना आपापल्या भागातल्या वन्यजीवांवर आणि पर्यटनावर हक्क मिळाला. आज अशी ऐंशीहून अधिक लोकक्षेत्रं आहेत. रानातून उत्पन्न मिळू लागलं तशी बऱ्याच ठिकाणी ते राखण्याची जबाबदारीही लोकांनी उचलली. सगळीकडे ही व्यवस्था यशस्वी झाली असं नाही. हत्ती शेत तुडवतात, पैशांच्या वाटपावरून भांडणंही होतात. पण दिशा बरोबर आहे. आणि मावळाला ती परकी नाही. देवराई राखणारं गाव हेच करत होतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून दाखवलं की सरकारी खात्याशिवाय, गावाने स्वतःवर घातलेल्या नियमांनी रानाचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. मुळशीत पर्यटनाचे नियम ठरवायचे तर ते ठरवण्यात माले, निवे, तामिणी या गावांचा हात आधी हवा. भरधाव येऊन धबधब्याखाली तासभर थांबून परतणाऱ्या शंभर गाड्यांपेक्षा रात्री मुक्कामाला राहून पिठलं-भाकरी खाणारी दहा माणसं गावाला जास्त देतात आणि रानाकडून कमी घेतात.

तरीही एका बाबतीत माझं मत ठाम आहे. घाटाचा अभयारण्यालगतचा टप्पा रात्री पर्यटकांच्या वाहनांना बंद असावा. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गांवर २००९पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद आहे. रुग्णवाहिका आणि ठरावीक बस तेवढ्या जातात. व्यापाऱ्यांनी विरोध केला, शेजारच्या राज्याने केला, तरी बंदी टिकली. तामिणीत गावकऱ्यांची वाहनं, एसटी आणि रुग्णवाहिका यांना मोकळीक देऊन हे करता येईल. बाकीच्यांना पुण्याहून कोकणात माणगावला खोपोली-पाली मार्गाने जाता येतंच. दरवर्षी पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांच्या ठिकाणी मनाई आदेश काढतं, पण ते माणसांचे जीव वाचवण्यासाठी असतात. भेकर आणि साळिंदर यांच्यासाठी असा एक आदेश अजून निघायचा आहे. तो निघेपर्यंत मोटरसायकलवाल्यांनी तो आपण होऊन पाळायला काहीच हरकत नाही. पौडला टाकी भरा, कचऱ्यासाठी एक पिशवी बरोबर ठेवा, सड्यावर गाडी चढवू नका, चहा-भजी गावातल्या टपरीवर घ्या, आणि अंधार पडायच्या आत विळ्याला उतरा, नाहीतर मागे फिरून मालेत मुक्काम करा.